दोन सारखे गठ्ठे

जाधव बाईंचं एक चित्र माझ्या बदलापूरच्या घरात, बाहेरच्या खोलीत लावलेलं आहे. ते सुलट लावलंय की उलट, हे मला आजही छातीठोकपणे सांगता येणार नाही. एकदा बाई घरी आल्या होत्या तेव्हा त्यांनाच विचारलं. चहाचा कप हातात घेऊन त्या चित्रासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "रोज तुम्ही बघता ना? मग तुम्हालाच ठाऊक."

मी तीस वर्षं शाळेत भूमिती शिकवली. आकृती काढायची, शिरोबिंदूंना अक्षरं द्यायची, पक्ष काय ते लिहायचं, साध्य काय ते लिहायचं आणि मग सिद्धता. जाधव बाईंच्या बाबतीत साध्य काय आहे हेच मला कधी कळलं नाही. तरी लिहायला बसलोय.

प्रमिला जाधव आमच्या अंबरनाथच्या शाळेत चित्रकला शिकवायच्या. शिक्षकखोलीत त्यांची खुर्ची माझ्या शेजारी होती. बुटक्या, किरकोळ अंगाच्या, कायम सुती साडीत. नखांच्या कडेला निळी नाही तर काळी शाई, ती रविवारची. सोमवारी ठळक असायची, शुक्रवारपर्यंत फिकी व्हायची. चित्रकलेच्या तासाला शाळेत काय मान असतो ते सांगायला नको. कुणाचाही पोर्शन मागे राहिला की पहिला बळी त्याच तासाचा. बाई कधी कुरकुरल्या नाहीत. "घ्या की," म्हणायच्या आणि खोलीत येऊन कागद दुमडत बसायच्या. हाताला लागेल तो कागद: कसलं तरी बिल, लग्नाची पत्रिका, मुख्याध्यापकांचं परिपत्रक. बरोबर अर्ध्यात दुमडायचा, पुन्हा अर्ध्यात, मग उलगडून घड्यांकडे बघत राहायचं. एकदा सुट्यांचं परिपत्रक सह्या होऊन परत गेलं ते चार घड्यांचं. मुख्याध्यापकांनी विचारलं, "हे कुणी केलं?" बाई म्हणाल्या, "मी. मध्य बघत होते." मुख्याध्यापकांनी मान डोलावली. पुढे काय विचारावं हे त्यांना सुचलं नसावं.

दुसरी सवय म्हणजे 'बघू' हा शब्द. आपण 'बघू' म्हणतो ते टाळायला. बाई 'बघू' म्हणाल्या की खरोखरच बघत बसायच्या.

आमची मैत्री झाली ती फळ्यावरच्या लाकडी कंपासवरून. तो माझ्या ताब्यात असायचा आणि बाई तो मागायला यायच्या. एकदा देताना मी सहज म्हटलं, "तुमच्या चित्रकलेत भूमिती लागते हे बरंय." त्यांनी समोरच्या वहीतलं एक कोरं पान फाडून माझ्यापुढे ठेवलं.

"देसलेसर, याच्या मध्यावर टिंब द्या. मोजायचं नाही, नुसतं बघून."

मी दिलं. मग त्यांनी खोलीतल्या सगळ्यांकडून एकेका कागदावर टिंब घेतलं, शिपाई मामांकडूनही. सगळे कागद माझ्यासमोर ठेवून म्हणाल्या, "आता तुमच्या पट्टीने बघा."

मी कर्ण काढले. एकाचंही टिंब कर्णांच्या छेदनबिंदूवर नव्हतं. त्यात नवल नाही. पण जवळजवळ सगळ्यांची टिंबं त्या बिंदूच्या थोडी वर होती. माझंही.

"मग मध्य कुठला?" बाईंनी विचारलं.

"कर्ण छेदतात तो," मी म्हणालो.

"तो कागदाचा. डोळ्याचा कुठला?"

"डोळ्याला चूक होते, बाई."

"सगळ्यांना एकाच बाजूला होते?"

मी त्या रात्रीपर्यंत उत्तर शोधत होतो. दुसऱ्या दिवशी सांगितलं की मला माहीत नाही. त्यांना आनंद झाल्यासारखा वाटला. "मलापण नाही," म्हणाल्या, आणि डब्यातली चपाती चौघडी घालून खायला लागल्या.

बाईंचं खरं काम चालायचं उल्हासनगरला, कॅम्प दोनमध्ये. तिथे वासुमल नावाच्या सिंधी गृहस्थांचं लग्नपत्रिका छापायचं दुकान होतं. पुढे ऑफसेटचं काम, मागच्या खोलीत एक जुनं हाताने दाबायचं लोखंडी यंत्र. ते बाईंनी वीस वर्षांपूर्वी मागून घेतलं होतं. म्हणजे यंत्र तिथेच, फक्त रविवारी ते बाईंचं. वासुमल त्यांना 'अदी' म्हणायचे, म्हणजे ताई, जरी वयाने तेच मोठे होते.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा बाई प्लायवर चिकटवलेला लिनोचा, म्हणजे रबरासारख्या मऊ थराचा, ठोकळा कोरून आल्या होत्या. एक चौकोन, त्यात एक तिरका पट्टा, एका कोपऱ्यात अर्धवर्तुळ. बाकी काही नाही. त्यांनी रोलरने पिवळी शाई लावली, कागद ठेवला, दांडा ओढला. कागद सोलून काढला, वाळायला दोरीवर लावला. मग वाळलेले आधीचे कागद घेतले, तोच ठोकळा काळ्या शाईने भरला, कागद अर्धा गोल फिरवून, म्हणजे खालची बाजू वर करून, पुन्हा छापला. एकाच आकाराचे दोन ठसे, एक सरळ, एक उलटा, एकमेकांत अडकलेले. मला ओळखीचं वाटलं. अर्ध्या वळणाची सममिती, मी मनात म्हटलं. हे आपलंच आहे.

पण एका कागदावर काळा ठसा सूतभर सरकला होता. वासुमल मान पुढे काढून बघत होते. ते म्हणाले, "अदी, ये माल बिगड गया. याला बाजूला टाका."

बाईंनी तो ठेवला आणि जे अगदी बिनचूक जुळले होते असे तीन कागद फाडून टाकले.

वासुमल माझ्याकडे बघून म्हणाले, "साईं, तुम्हीच सांगा. पूरी उमर मैं कारीगरों को इसी बात पे डांटता हूं. हा रंग सरकला तर पार्टी पत्रिका घेत नाही. आणि अदी चांगला माल फाडते."

मला वाटलं, कळलं. बाईंना थोडी चूक असलेलं आवडतं. जिवंत वाटत असेल. मी घरी येऊन वहीत तसं लिहूनही ठेवलं. पुढच्या महिन्यात पुन्हा गेलो, तर बाई सरकलेले सगळे कागद फाडत होत्या आणि बिनचूक जुळलेला एकच ठेवला होता.

"बाई, मागच्या वेळी तर उलटं केलंत."

"मागच्या वेळी?" त्यांनी आठवून बघितलं. "ते वेगळं होतं."

"काय वेगळं होतं? आकार तोच, ठोकळा तोच."

"हो, ते सगळं तेच होतं," त्या म्हणाल्या, आणि फाडलेले तुकडे गोळा करायला लागल्या. मी वहीतली ती ओळ खोडली.

बाईंचं बालपण अंबरनाथच्या बुवापाड्यातलं. वडील काड्यापेट्यांच्या कारखान्यात होते. पेटीवर चिकटवायचे कागद मोठ्या तावावर छापले जात. एका तावावर शंभर सारखे मोर. छपाईत बिघडलेले ताव वडील घरी आणायचे आणि आई ते कणकेच्या खळीने भिंतींना लावायची. भेगाही बुजायच्या आणि घरही रंगीत दिसायचं. बाईंना लहानपणी गोवर आला तेव्हा दहा-बारा दिवस त्या भिंतीकडे तोंड करून पडून होत्या. हजारभर मोर, सगळे एकसारखे. "मग दिसायला लागलं, की एका ओळीत लाल रंग सरकलाय," त्यांनी मला सांगितलं होतं. "तुरा डोक्याच्या बाहेर. ताप चढला की मी ती ओळ शोधायचे. सापडली की झोप लागायची."

सोळाव्या वर्षी त्यांनी वस्तीतल्या विहाराच्या भिंतीवर धम्मचक्र रंगवलं. चोवीस आरे. कोनमापक नव्हतं, एक खिळा आणि सुतळी होती. मी विचारलं, "चोवीस समान भाग कसे केलेत?" त्या म्हणाल्या, "तीच सुतळी कडेवर फिरवली. सहा वेळा बसते. मग प्रत्येकाचे दोन, परत दोन." दहावीच्या पोरांना मी हे महिनाभर शिकवायचो तरी निम्म्यांना जमायचं नाही. यांना कुणी शिकवलं होतं? कुणीच नाही. मी ते चक्र मुद्दाम जाऊन बघितलं. निर्दोष होतं. बाईंना तसं सांगितलं तर म्हणाल्या, "सतरावा आरा जाड आहे." मी परत गेलो, मोजून बघितलं. जाड नव्हता. किंवा मला दिसला नाही.

निवृत्तीनंतर बाई बदलापूरला मांजर्लीत राहायच्या, तळमजल्यावर. नवरा लवकर गेलेला. सोबत मुलगी रूपाली, नर्स, उल्हासनगरच्या एका दवाखान्यात. तिची लेक ओवी लहान. जावई नोकरीसाठी आखातात. बाईंच्या पलंगाखाली, कपाटावर, दाराच्या मागे चित्रंच चित्रं होती, आणि ती आम्हा दोघा-चौघांपलीकडे कुणी बघितली नव्हती. मला ते लागायचं. माझी एक जुनी विद्यार्थिनी, मयूरी, मुंबईत चित्रांच्या एका दालनात कामाला होती. बाईंना न विचारताच मी तिला मोबाइलवर फोटो पाठवले.

मयूरी एका शनिवारी आली. तीन तास फरशीवर बसून एकेक चित्र बघत होती. चाळीस निवडली. उठली तेव्हा तिचा आवाज बदलला होता. "सर, इतकी वर्षं हे कुणी बघितलंच नाही का?"

एकट्या बाईंचं प्रदर्शन करायचं ठरलं. बाई म्हणाल्या, "बघू."

श्रावणाचे दिवस होते. मंगळवारी टेम्पो येणार म्हणून मी रविवारी बांधाबांध करायला गेलो. चाळीस चित्रं, मधे पातळ बटर पेपर. शिवाय बाईंचा हातकागद होता, त्याच मापात कापलेला, कोरा, पुढच्या कामासाठी जपून ठेवलेला. त्यालाही ओल लागू नये म्हणून मी म्हटलं, तोही बांधून टाकू. घरात निळी ताडपत्री होती, तिचे दोन सारखे तुकडे केले. दोन गठ्ठे बांधले, सारख्याच सुतळीने, सारख्याच गाठी मारून, आणि दिवाणावर शेजारी शेजारी ठेवले. मला माझ्या कामाचं कौतुक वाटलं. "बघा बाई, ओळखू येतायत का?"

त्या हसल्या.

"वर नाव लिहू का?" मी विचारलं. खिशात पेन होतं.

"कशाला? उचलल्यावर कळतं की."

मी पेन परत खिशात ठेवलं. हे मी स्वतःला कितीदा सांगितलं असेल.

सोमवारी सकाळी नदीचं पाणी वाढलं. मांजर्लीला ते नवीन नाही, पण त्या दिवशी फार वेगाने आलं. आठ वाजता गटारातून वर, साडेआठला उंबऱ्यावर. रूपाली कामावर होती, ओवी घरी. वरच्या मजल्यावरचे पाटीलकाका ओवीला कडेवर घेऊन गेले आणि बाईंना ओरडून म्हणाले, "काकू, हाताला येईल ते घ्या आणि चला." गुडघाभर पाण्यातून बाई बाहेर आल्या त्या एक निळा गठ्ठा डोक्यावर घेऊन. कागदपत्रांची पिशवी नाही, दागिने नाहीत. दुसऱ्यांदा खाली जायला पाण्याने जागाच ठेवली नाही.

मी पूर्वेला उंचावर राहतो, तिथे काही झालं नव्हतं. फोन लागला तेव्हा मी आधी माणसांचं विचारलं आणि लगेच, "चित्रं?"

"गठ्ठा वर आणलाय," बाई म्हणाल्या.

मी मयूरीला कळवून टाकलं की चित्रं सुखरूप आहेत.

दुसऱ्या दिवशी दुपारी चिखल तुडवत पोचलो. पाटलांच्या घरात रूपाली खाली बसली होती, समोर सोडलेली ताडपत्री. बाई खुर्चीत बसून चहा पीत होत्या.

"काका," रूपाली मला म्हणाली, "कोरे आहेत. सगळे कोरे आहेत."

मी एकेक कागद उचलून बघितला. का बघितला ठाऊक नाही. शेवटच्या कागदापर्यंत बघितला.

खाली घरात दुसरा गठ्ठा दिवाणाच्या मागे अडकला होता. पाण्याने गाठी सुटल्या नव्हत्या, पण आत चिखल शिरला होता आणि चाळीस चित्रांची मिळून एक वीट झाली होती. बाईंनी स्टीलच्या पट्टीने एक कोपरा सोडवायचा प्रयत्न केला. मग पट्टी धुऊन ठेवली.

का, हे सगळ्यांनी विचारलं. रूपालीला त्यांनी सांगितलं, "घाईत चुकलं गं." रूपालीचा विश्वास बसला नाही. "आईला ते प्रदर्शन नकोच होतं," ती मला म्हणाली. "तुम्ही मागे लागलात म्हणून. तिला ना, कुणी बघितलेलं सहन होत नाही." वासुमलना बाई म्हणाल्या, "असा कागद परत कुठे मिळायचा? चित्रं काय, परत छापता येतात." वासुमलना ते पटलं. धंदेवाईक माणूस, कच्चा माल वाचवला याचं त्यांना कौतुकच वाटलं.

मी विचारलं नाही. बाईच एके दिवशी आपणहून म्हणाल्या, "देसलेसर, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. कुठला गठ्ठा कुठला, मला माहीत होतं."

हे खरं असेल तर माझ्या गाठींचा आणि न लिहिलेल्या नावाचा काही दोष नाही. पण मला बरं वाटावं म्हणून त्या असं म्हणाल्या असतील तर? आणि माहीत होतं, तर कोरा कागद का? आयुष्यभराचं काम समोर आणि हात त्याच्या शेजारच्या गठ्ठ्याकडे जातो, हे कसं? दोन्ही गठ्ठे वजनाला सारखे नव्हते, कोरा चांगलाच जड होता. उचलल्यावर कळतं, हे त्यांचेच शब्द. पण गुडघाभर पाण्यात, नात वर रडतेय अशा वेळी, एखाद्या बाईला वजन कळतं का? मी या बाजूने विचार केला की सिद्धता होते आणि त्या बाजूने केला तरी होते.

मयूरी रडली आणि मग म्हणाली, आम्ही थांबतो, बाईंनी नवीन करावं. लिनोचे ठोकळे पाण्यातून निघाले होते, पण खालचं प्लाय फुगलं होतं. चौकोनांच्या बाजू पोट काढून बसल्या होत्या, काटकोन राहिले नव्हते. मी म्हटलं, नवे कोरा. बाईंनी तेच घेतले. त्या वाचलेल्या कागदावर, कॅम्प दोनच्या त्या यंत्रावर, चार महिन्यांत अकरा चित्रं झाली.

"अदी, टेढा आ रहा है," वासुमल म्हणायचे.

"येऊ द्या, साईं."

एकट्या बाईंचं प्रदर्शन काही झालं नाही. पाच-सहा जणांच्या प्रदर्शनात एक भिंत मिळाली. मी गेलो. माणसं त्या भिंतीपाशी थांबत होती. एक म्हातारे गृहस्थ एका चित्रासमोर मान कलती करून उभे होते. मान सरळ करायचे, परत कलती. मयूरी मला हळूच म्हणाली, "सर, ही त्या चाळीसपेक्षा चांगली आहेत. मला बोलायला कसंतरी वाटतं, पण आहेत." आहेत का? मी खूप वेळ बघितली. वाकलेले चौकोन एकमेकांत फिरून बसले होते आणि कुठे तरी काहीतरी जुळत होतं, पण कुठल्या अक्षावर, ते मला सापडेना. रूपाली आली नाही. "माझ्या डोक्यात ती चाळीसच आहेत," म्हणाली. बाई आल्या, पाच मिनिटं थांबल्या आणि ओवीला आइस्क्रीम घ्यायला खाली घेऊन गेल्या.

पुढच्या वर्षी बाई गेल्या. दुपारी जेवून पडल्या त्या उठल्या नाहीत. त्याआधी पंधरा दिवस मी त्यांना भेटलो होतो, तीच शेवटची भेट.

पुरानंतर त्यांनी पूर्वेला तिसऱ्या मजल्यावर भाड्याने घर घेतलं होतं. सकाळी शाळेच्या वेळेला मी गेलो. रूपालीची ड्यूटी लवकर सुरू झालेली, त्यामुळे ओवीची तयारी बाईंकडे. गॅलरीत पाटावर ओवी, तिच्या मागे स्टुलावर बाई, दोन वेण्या घालणं चाललेलं. एक झाली होती. दुसरी घालून झाल्यावर बाईंनी मागे सरून बघितलं आणि दोन्ही सोडून टाकल्या.

"आजी, व्हॅन येईल ना यार," ओवी म्हणाली.

"येऊ दे. एक वर गेली होती."

भांगही नव्याने पाडला. मी दारात उभा राहून बघत होतो. काय झालं कोण जाणे, इतके महिने न विचारलेलं माझ्या तोंडून त्या वेळी निघून गेलं.

"बाई, तो गठ्ठा तुम्ही खरंच ओळखून उचलला होता का?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. दोन्ही हातांत केसांचे पेड होते आणि रिबीन दातांत धरलेली. त्या बोलल्या. लहानसं नव्हतं ते, चांगलं एक वाक्य होतं, कदाचित दोन. पण रिबिनीमुळे त्यातला एकही शब्द मला कळला नाही. ओवी मात्र खुदकन हसली. मग बाईंनी रिबीन दातांतून काढली, वेणीला बांधली, फूल फुलवलं, आणि जणू सांगून झालं अशा चेहऱ्याने दुसरी रिबीन उचलली. पुन्हा विचारायचा मला धीर झाला नाही.

खाली व्हॅनचा हॉर्न वाजला. ओवी दप्तर घेऊन सुटली. मी जिन्यापर्यंत तिच्या मागे गेलो आणि विचारलं, "ओवी, आजी काय म्हणाली गं?"

"कधी?" ती खालच्या वळणावरून म्हणाली, आणि दोन-दोन पायऱ्या गाळत उतरून गेली.